एकास बहात्तर : लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचा इतिहास



पातुरात बसून जेट विमानाच्या गोष्टी कशाला सांगावयाच्या, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव वाचून आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. आपल्या गावाला धावपट्टी नाही. अकोल्याजवळ शिवणीला आहे, पण ती लहान आहे, आणि तिच्यावर कोणी लढाऊ विमान पाहावयास जात नाही. शिवाय मी ज्या विमानाविषयी बोलणार आहे, ते खरे विमानही नव्हे. ते टेबलावर मावते, तळहातावर उभे राहते, आणि त्याचे सुटे भाग एका खोक्यातून घरी येतात. कानस, काचकागद, चिमटा, डिंकाची बाटली आणि दोनतीन बारीक कुंचले एवढ्या सामग्रीवर मुले ते तयार करतात. कित्येकदा मुलांचे वडीलच ते करतात आणि मुलाचे नाव सांगतात! ह्या खेळण्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास आपल्या देशाच्या एका मोठ्या प्रश्नाला येऊन भिडतो, हे दाखविण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

प्रतिकृती करण्याची हौस परदेशातून आली, असे मात्र समजू नये. पोळ्याला आपल्याकडे घरोघर मातीचे बैल पुजले जातात. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांचे लाकडी बैल ओढीत मिरवतात. ही चाल दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली पाडली, असे तिकडे सांगतात. त्या बैलाकडे नीट पाहावे. सुताराने तो ठोकळ्यातून काढला, की त्याचे काम संपले. पण मुलाचे काम तेव्हाच सुरू होते. त्याला शिंगांना बेगड लावावयाचा असतो, पाठीवर झूल घालावयाची असते, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ, नाकात वेसण हवी असते. ह्यातील एकही गोष्ट विसरली, तर शेजारचे पोर ताबडतोब सांगते, 'तुया बैलाले वेसणच नाही!' ज्या मुलाने खरा बैल रोज पाहिला आहे, त्यालाच वेसणीची उणीव कळते. बारकावा भरणे म्हणजे मूळ वस्तूची ओळख पटवून देणे, हा आजच्या विषयाचा पहिला धडा त्या लाकडी बैलाने आपल्याला आधीच दिलेला आहे.

दुसरा धडा त्याहून जुना आहे. आपल्या गावाशेजारच्या टेकडीत लेणी आहेत. ती साधी आहेत. शोभेचे काम त्यांत फारसे नाही. पण तीच विद्या पुढे किती सूक्ष्म होऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर अजिंठ्यास जावे. तेथील १९ व्या आणि २६ व्या लेण्यांत छताला कमानदार फासळ्या आहेत, आणि त्या दगडातच कोरलेल्या आहेत. अखंड डोंगरात खोदलेल्या छताला फासळ्यांचा आधार लागत नाही. आधी लाकडाची चैत्यगृहे होती. त्यांच्या छताला तुळया आणि फासळ्या लागत. दगडात काम करणाऱ्या शिल्पकाराने त्या लाकडी इमारतीची आठवण दगडात उतरविली. आज ती लाकडी चैत्यगृहे उरलेली नाहीत. ती कशी होती हे आपण ह्या दगडी प्रतिकृतींवरूनच पुष्कळसे जाणतो. मूळ वस्तू नाहीशी झाल्यावर प्रतिकृतीच तिची साक्षीदार होते. म्हणून तिने खरे बोलले पाहिजे.

आता विमानाकडे वळू. विमानांच्या प्रतिकृतींच्या जगात 'एकास बहात्तर' हे प्रमाण सर्वांच्या तोंडी असते. बहात्तर हाच आकडा का? त्याचे उत्तर फूट आणि इंच ह्यांच्या हिशेबात आहे. सहा फुटांत बहात्तर इंच असतात. म्हणजे ह्या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये १९३२ साली 'स्कायबर्ड्‌स' नावाचे लाकडी संच निघाले, त्यांनी हे प्रमाण रूढ केले. १९३६ साली तेथेच 'फ्रॉग' ह्या नावाखाली विमाने विकणाऱ्या मंडळींनी साच्यात ओतलेल्या भागांचे संच काढले आणि त्या मालिकेला 'पेंग्विन' असे नाव दिले. पेंग्विन हा न उडणारा पक्षी. ही विमानेही न उडणारीच. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, एवढे खरे.

पुढे दुसरे महायुद्ध आले आणि खेळण्याला एकदम गांभीर्य प्राप्त झाले. आकाशात दिसणारा ठिपका आपला की शत्रूचा, हे क्षणार्धात ओळखणे आवश्यक झाले. चूक झाली तर आपल्याच माणसांवर तोफ डागली जाई. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना आवाहन केले आणि पन्नास जातींच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण ५ लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या. प्रमाण हेच, एकास बहात्तर. ह्यामागचे गणित सोपे आहे. अशी प्रतिकृती ३६ फुटांवर टांगली, की ती डोळ्याला २,५९२ फुटांवरील, म्हणजे सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढीच दिसते. शिक्षणासाठी आकाश खोलीत आणावयाचे, तर ते असे आणता येते. मात्र पंखाचा कोन चुकला, शेपटी आखूड झाली, तर त्या प्रतिकृतीवर शिकलेला सैनिकही चुकणार. शाळकरी मुलांच्या कामाची म्हणूनच मोजमापे घेऊन तपासणी होई.

युद्धानंतर प्लास्टिकचे दिवस आले. पॉलिस्टायरीन तापवून, पातळ करून, दाबाने पोलादी साच्यात भरले की क्षणात पंख, चाके, आसने, सर्व एका चौकटीला लटकलेले बाहेर पडते. १९३९ साली स्थापन झालेल्या 'एअरफिक्स' ह्या इंग्रज कंपनीने १९५२ साली एका जुन्या जहाजाचा आणि १९५३ साली 'स्पिटफायर' विमानाचा स्वस्त संच बाजारात आणला, आणि श्रीमंतांचा शौक सामान्य मुलांच्या खिशात आला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्लास्टिक स्वस्त असते. पोलादी साचा महाग असतो. त्यामुळे कारखानदार तोच नमुना निवडतो, जो पुष्कळ देशांत खपेल. एखाद्या देशाने वापरलेला विशिष्ट उपप्रकार खोक्यात सापडेलच, असा भरवसा नाही. ह्या बाजारी कारणाचा परिणाम पुढे आपल्याला दिसणार आहे.

आपल्या देशात जेटचे युग १९४८ साली सुरू झाले. त्या वर्षी 'व्हँपायर' विमाने वायुदलात आली. पुढे ती बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. ह्या विमानाची एक गंमत प्रतिकृती करणाऱ्यांना फार आवडते. त्याचा वैमानिक बसतो तो मधला भाग धातूचा नव्हता. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड घालून तो साच्यावर वळविलेला होता. ज्या बाल्सा लाकडाची मुले उडती विमाने करतात, त्याच लाकडाचा उपयोग आपल्या पहिल्या जेट लढाऊ विमानात झालेला होता.

पण विमान वापरणे, विमान जुळविणे आणि विमान कल्पून घडविणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या गोष्टीशी ज्या मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे, ते डॉ. विष्णू माधव घाटगे. १९०८ सालचा जन्म. जर्मनीतील गटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांट्ल ह्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. प्रांट्ल ह्यांची प्रयोगशाळा वातबोगद्यासाठी जगभर प्रसिद्ध होती. वातबोगदा म्हणजे प्रतिकृतीचे शास्त्रीय उपयोगस्थान. विमान स्थिर ठेवावयाचे आणि वारा त्याच्या अंगावरून वाहवावयाचा. घाटगे ह्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एच.टी.-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले, आणि 'किरण' हे जेट शिकाऊ विमान १९६४ साली.

लढाऊ जेटाचा प्रयत्नही ह्याच काळात झाला. १९५६ साली जर्मन अभियंते कुर्ट टँक बंगलोरला आले आणि भारतीय अभियंत्यांना बरोबर घेऊन त्यांनी एच.एफ.-२४ 'मारुत' ह्या विमानाचे काम हाती घेतले. येथे प्रतिकृतीच्या इतिहासातील एक अपूर्व प्रकरण घडले. लहान प्रतिकृती वातबोगद्यात सर्वच प्रश्नांची उत्तरे देत नाही. आकार लहान केला तरी हवा लहान होत नाही. छोट्या पंखाला तीच हवा अधिक दाट, अधिक चिकट असल्यासारखी भासते. म्हणून मारुतच्या बाह्याकाराचे पूर्ण मापाचे लाकडी विमान बांधण्यात आले. त्याला इंजिन नव्हते. 'एक्स-२४१' हे त्याचे नाव. १९५९ साली डाकोटा विमानाने त्याला दोराने ओढून आकाशात नेले आणि तेथे सोडून दिले. एकास एक प्रमाणाची, प्रत्यक्ष माणूस बसलेली ही प्रतिकृती तरंगत खाली आली, आणि धातूचे विमान कसे वागेल ह्याचा अंदाज त्या उड्डाणांतून आला. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास ह्यांनी खरे मारुत उडविले.

मारुतचे पुढे काय झाले, हे खेदाने सांगावे लागते. बांधणी उत्तम, आकार देखणा. पण त्याला पुरेसे जोरदार इंजिन मिळाले नाही. ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्यासाठी कल्पिलेले विमान त्या वेगाच्या अलीकडेच राहिले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने चांगले काम केले, तरी १४७ विमानांवर त्याची निर्मिती थांबली. आपण शरीर घडविले, पण त्याचे हृदय दुसऱ्याच्या हाती होते.

आता महाराष्ट्रात येऊ. १९६२ साली सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार झाला. १९६३ साली त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि १९६४ साली ती जुन्या कंपनीत विलीन होऊन आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स अस्तित्वात आली. विमानाचे शरीर नाशिकजवळ ओझर येथे, इंजिन ओरिसात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, अशी विभागणी ठरली. त्या काळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ पासून लोकसभेत नाशिकचे प्रतिनिधित्व करीत होते.

ओझरला काम कसे सुरू झाले? आपल्या मुलांचे होते तसेच! सोव्हिएत कारखान्यातून खोकी आली. पहिली विमाने तयार मोठ्या भागांची जुळणी करून उभी राहिली. त्यानंतर लहान लहान सुटे भाग येऊ लागले आणि ते येथे जोडले जाऊ लागले. मग काही भाग येथेच करावयाचे ठरले. शेवटी धातूच्या कच्च्या मालापासून प्रारंभ करून विमान पुरे करण्याची पायरी आली, आणि तसे पहिले मिग १९७० साली वायुदलाच्या हाती पडले. एकास एक प्रमाणाचा हा जगातील एक मोठा संचच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एफ.एल., एम. आणि बिस ह्या तीन उपप्रकारांची मिळून साडेसहाशेहून अधिक मिग-२१ विमाने ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडली. शेतकऱ्यांच्या मुलांनी तेथे हजारांश इंचाची मापे सांभाळावयास शिकून घेतले, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच मिगची बहात्तरांश प्रतिकृती आता आपण मनाने बांधू. कोणत्या जागी इतिहास हाताला लागतो, हे त्यावरून कळेल.

खोके उघडल्यावर चौकटी साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट पदार्थ त्यांवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. भाग पिळून तोडू नयेत. कापावेत, आणि उरलेला कोंब कानसीने घासावा. प्रारंभ वैमानिकाच्या खोलीपासून करावयाचा, कारण शरीराचे दोन अर्ध एकदा जुळले की आत हात जात नाही. मिगच्या ह्या खोलीचा रंग विलक्षण असतो: निळा आणि हिरवा ह्यांच्या मधला. समोरच्या काळ्या फळीवर मध्यभागी एक उभी पांढरी रेघ असते. पुष्कळ मुले ती शोभेची समजून सोडून देतात. पण ती शोभेची नाही. विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागले की माणसाला दिशेचे भान राहत नाही. अशा वेळी हातातील दांडा त्या पांढऱ्या रेघेच्या रोखाने पुढे ढकलावयाचा, म्हणजे तो नेमका मध्यावर येतो. एक मिलिमीटरही रुंद नसलेली ही रेघ कुंचल्याच्या एका केसाने काढताना, तिच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून होता, हे मनात असू द्यावे.

त्यानंतर नाक. मिगच्या तोंडाशी मधोमध एक शंकू असतो. ध्वनीपेक्षा जलद जाताना आत शिरणारी हवा इंजिनाला सोसेल इतकी मंद करणे हे त्याचे काम. प्रतिकृतीत ह्या पोकळ शंकूचा दुसराच उपयोग होतो. विमान तीन चाकांवर उभे राहावयाचे, आणि भार मागे अधिक; तेव्हा त्या शंकूत शिशाचे तुकडे भरले नाहीत, तर आपले विमान शेपटीवर बसते. मग दोन्ही अर्ध जुळवावयाचे, सांध्यात लांबी भरावयाची, ती वाळली की काचकागदाने पाण्यात घासावयाची, आणि वर अस्तराचा हात द्यावयाचा. घरे रंगविणारे आपले रंगारी जे करतात, तेच. अस्तर दिल्याखेरीज सांध्यातील खोट डोळ्याला दिसत नाही.

पत्र्यांच्या जोडरेषांचा प्रश्न मोठा मनोरंजक आहे. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांत २ मिलिमीटरची फट असली, तर बहात्तरांश प्रमाणात ती ०.०३ मिलिमीटरहूनही बारीक होईल, म्हणजे केसाहून बारीक. म्हणजे प्रतिकृतीवर दिसणारी प्रत्येक रेष खरे पाहता अतिशयोक्तीच असते. रंगाचेही तसेच. खरे विमान आपण दुरून पाहतो. मधल्या हवेमुळे त्याचा रंग फिकट वाटतो. म्हणून जाणकार मंडळी मूळ रंगात किंचित पांढरा मिसळतात. मापाने अगदी खरे करू गेले तर ते डोळ्याला खोटे वाटते. इतिहासलेखकालाही ही अडचण येतेच. सर्व गोष्टी सांगता येत नाहीत. काही ठळक कराव्या लागतात. मात्र जे नव्हते ते घालावयाचे नाही, एवढी मर्यादा दोघांनीही पाळावयाची असते.

आणि ही मर्यादा कशी मोडली जाते, ते आता सांगतो. माझ्या भाच्याने मोठ्या कष्टाने एक मिग-२१ बांधले. सांधे उत्तम, रंग उत्तम. खाली लाकडी पाट बसवून त्यावर सुबक अक्षरांत लिहिले: 'ढाका, १४ डिसेंबर १९७१'. त्या दिवसाची हकिकत आपणांस ठाऊक असेल. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक भरणार असल्याची वार्ता आली; गोहत्तीहून २८ व्या स्क्वाड्रनची चार मिग विमाने विंग कमांडर बी. के. बिश्नोई ह्यांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि त्यांनी त्या इमारतीवर अग्निबाणांचा मारा केला. गव्हर्नर मलिक ह्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मुलाला त्या प्रसंगाचा अभिमान वाटावा, हे योग्यच होते.

पण विमानाच्या पंखांखाली चार टांगण्या होत्या आणि त्यांवर क्षेपणास्त्रे लटकत होती. मी विचारले, "चार का रे?" तो म्हणाला, "मामाजी, खोक्यात चार होत्या, म्हणून चार लावल्या." उत्तर प्रामाणिक होते. पुढे आम्ही दोघांनी जुनी छायाचित्रे शोधून काढली. १९७१ साली आपल्याजवळ होते ते मिग-२१ एफ.एल. त्याच्या पंखांखाली दोनच टांगण्या. ढाक्यावर त्यांना लावलेली होती ती अग्निबाणांची नळकांडी. विमानाविरुद्ध वापरावयाची क्षेपणास्त्रे नव्हेत. ह्या उपप्रकाराच्या अंगात तोफ नव्हती. १९६५ च्या युद्धात तोफ नसलेल्या मिगची उणीव जाणवल्यावर पोटाखाली लावावयाची तोफेची पेटी आली. त्याचे काचेचे झाकण पुढच्या बाजूस उचलले जाई. खोक्यातील विमानाचे बाजूला उघडत होते. पाठीचा कणाही निराळा. खोक्यात होता तो नंतरचा नमुना, ओझरला १९७३ पासून बनू लागलेल्या एम. प्रकारासारखा दिसणारा. अनेक देशांनी तो घेतला, म्हणून त्याचा साचा कारखानदारांना परवडला. बाजारात जे मिळाले, त्यावर आमच्या मुलाने आपला इतिहास चिकटविला होता.

आता उपाय काय? दोन टांगण्या कापून टाकता आल्या असत्या. पण कणा आणि झाकण ह्यांचे काय करावयाचे? दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने काचकागद घेतला आणि विमानाला हात न लावता पाटावरील अक्षरे घासून काढली. त्याजागी लिहिले: 'मिग-२१ एम., ओझर'. मला वाटते, त्या खोक्यातून त्याला मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू हीच. जुळविणे त्याला आधीच येत होते. 'हे असे का' हा प्रश्न विचारणे त्याला त्या दिवशी आले, आणि उत्तर गैरसोयीचे निघाले तरी ते स्वीकारावयाचे, हेही आले.

राष्ट्राच्या बाबतीतही मला हाच भेद महत्त्वाचा वाटतो. ओझरने आपल्याला विमान कसे करावयाचे हे शिकविले. ते तसेच का करावयाचे, हे आराखड्यांबरोबर आले नाही. आराखड्यातील एखादी जाडी साडेतीन मिलिमीटरच का, तीन का नाही, ह्याचे उत्तर तो आराखडा ज्याने काढला त्याच्याजवळ राहते. मारुतच्या मंडळींनी हा 'का' स्वतःला विचारला होता. लाकडाचे पूर्ण विमान बांधून, ते आकाशातून सोडून देऊन त्यांनी त्याचे उत्तर मिळविले होते. इंजिनाअभावी ती परंपरा खंडित झाली. स्वतः कल्पिलेले पुढचे लढाऊ जेट, म्हणजे 'तेजस', ४ जानेवारी २००१ रोजी उडाले. मारुतपासून चाळीस वर्षांचे अंतर पडले. ह्या चाळीस वर्षांत आपण शेकडो विमाने जुळविली. जुळणी व्यर्थ गेली असे मी म्हणत नाही. तिच्यावाचून कुशल हात तयार झालेच नसते. पण हात तयार होणे आणि प्रश्न तयार होणे ह्या दोन पायऱ्या आहेत, आणि पहिलीवर उभे राहून दुसरी आपोआप चढली जात नाही.

प्रतिकृतीला काय साधत नाही, तेही सांगितले पाहिजे. मिगच्या पंखांचा विस्तार ७ मीटर १५ सेंटिमीटर. बहात्तरांश प्रमाणात तो जेमतेम १० सेंटिमीटर होतो. पण लांबी बहात्तर पटींनी घटते तेव्हा पृष्ठभाग ५,१८४ पटींनी आणि वजन ३,७३,२४८ पटींनी घटते. पाच टनांचे ते विमान ह्या हिशेबाने तेरा-चौदा ग्रॅमचे होते, मूठभर फुटाण्यांएवढे. त्यात आवाज नाही, उष्णता नाही, भय नाही. मिग-२१ च्या साठ वर्षांच्या सेवेत अनेक वैमानिक अपघातांत मृत्यू पावले; त्यांतील कित्येक कोवळ्या वयाचे होते. त्यांच्या घरचे दुःख कोणत्याच प्रमाणात लहान करता येत नाही. टेबलावरील विमान पाहून युद्ध म्हणजे खेळ, असे ज्याला वाटेल, त्याला त्या पांढऱ्या रेघेचा अर्थ कळला नाही, असेच म्हटले पाहिजे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला वायुदलाने शेवटचा निरोप दिला. १९६३ साली ह्या विमानाचे पहिले पथक त्याच गावी उभे राहिले होते. त्यानंतर अवघ्या एकवीस दिवसांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ ए आकाशात गेले. ज्या जागी आपण परक्याची खोकी उघडीत होतो, त्या जागेहून आपण कल्पिलेले विमान उडाले, ह्याचे समाधान कोणास होणार नाही? परंतु त्या विमानाचे इंजिन आजही अमेरिकेहून येते. मारुतला नडलेली गोष्ट अद्याप आपल्या हाती आलेली नाही. पाटावर नाव लिहिताना आमच्या भाच्याने जी सचोटी दाखविली, ती आपणही दाखवावी. जेवढे आपले, तेवढे आपले म्हणावे. उरलेले अजून करावयाचे आहे, असे लिहून ठेवावे.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-विमाने बांधावयास शिकवितात. प्रत्येक गावी ती सोय नसते, आणि परदेशी संच सर्वांच्या खिशाला परवडणारेही नाहीत. त्यासाठी अडून बसण्याचे मात्र कारण नाही. पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, पांगाऱ्याचे मऊ लाकूड ह्यांचीही विमाने होतात. मोजपट्टी आणि एक खरे छायाचित्र समोर असले म्हणजे झाले. येत्या पोळ्याला आपल्या घरचे मूल मातीच्या बैलाला वेसण घालीत असेल, तेव्हा त्याला घाई करू नये. 'ही वेसण नाकातच का घालतात?' असे त्याने विचारले, तर हातातील काम बाजूला ठेवून त्याला उत्तर द्यावे. उत्तर येत नसेल, तर त्याच्याबरोबर गोठ्यापर्यंत जाऊन खऱ्या बैलाकडे पाहावे. विमानाचा रस्ता तेथूनच निघतो.